एका डोंगरी रानफुलाचा जनुकीय नकाशा

स्पेनच्या उत्तरेकडील कान्ताब्रिया पर्वतरांग, फ्रान्सपासून ऑस्ट्रियापर्यंत पसरलेला आल्प्स, नॉर्वे आणि स्वीडनचा थंड उत्तर भाग, आइसलंड, ग्रीनलंड, तुर्कस्तानातील डोंगर आणि थेट विषुववृत्ताजवळचे माउंट केनिया व किलिमांजारो या एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या ठिकाणी एकच रानवनस्पती उगवते. तिचे शास्त्रीय नाव अ‍ॅरॅबिस अल्पिना. मोहरी, मुळा आणि कोबी यांच्या कुळातली ही वनस्पती असून हे नाते तिच्या फुलावरूनच ओळखू येते. चार पाकळ्या फुलीच्या आकारात मांडलेल्या असतात, मोहरीच्या पिवळ्याऐवजी त्या पांढऱ्या असतात, आणि फूल गळाल्यावर मोहरीसारखीच लांबट, बारीक शेंग धरते. उंची सहसा वीत-दीड वीत असते. खडकांच्या भेगा, दगडगोट्यांचे घसरते उतार आणि वितळत्या बर्फाचे पाणी पाझरणारे ओहोळ या जागांवर ती चटईसारखी पसरते आणि वर्षानुवर्षे जगते.

वरवर पाहता स्पेनमधले रोप आणि ग्रीनलंडमधले रोप शेजारी ठेवले, तर सामान्य माणसाला फारसा फरक जाणवणार नाही. जनुकांच्या पातळीवर मात्र चित्र वेगळे आहे, आणि ते सर्वत्र सारखे वेगळे नाही, ही त्यातली खरी विशेष बाब आहे. पूर्व आफ्रिकेत एका डोंगरावरची रोपे शेजारच्या डोंगरावरच्या रोपांपेक्षा बरीच निराळी आहेत, तर उत्तर अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवरची, मध्ये अख्खा समुद्र असलेली रोपे जवळजवळ एकसारखी आहेत. असे का व्हावे, हे समजून घेतले की एखाद्या जातीतील जनुकीय विविधता म्हणजे काय, ती कशी घडते आणि कशी हरवते, हा सगळाच विषय उलगडत जातो.

आधी विविधता मोजायची कशी, ते पाहू. प्रत्येक सजीवाच्या पेशीतील डीएनए ही चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली लांबलचक मजकुराची ओळ असते, असे मानायला हरकत नाही. अ‍ॅरॅबिस अल्पिनामध्ये हा मजकूर सुमारे ३७ कोटी अक्षरांचा असून तो आठ गुणसूत्रांवर विभागलेला आहे. स्पेनमधील पाहारेस खिंडीच्या परिसरातील रोपांपासून तयार केलेल्या वाणाच्या आधारे त्याचे वाचन २०१५ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येक रोपाकडे या मजकुराच्या दोन प्रती असतात, एक मातेकडून आलेली आणि एक पित्याकडून. मजकुरातील बहुतेक अक्षरे जातीतील सर्व रोपांत सारखीच असतात, पण काही जागा अशा असतात की तिथे काही रोपांत एक अक्षर सापडते आणि काहींत दुसरे. अशा एखाद्या जागेची जी पर्यायी रूपे आढळतात, त्यांची संख्या आणि त्यांचे प्रमाण यांवरून एका वसाहतीत विविधता किती आहे आणि दोन वसाहती एकमेकींपासून किती दुरावल्या आहेत, हे काढता येते. वसाहत हा शब्द या लेखात एकाच ठिकाणी वाढणाऱ्या आणि आपापसांत बी धरू शकणाऱ्या रोपांच्या समूहासाठी वापरला आहे.

यातला दुरावा मोजण्याची पद्धत एका छोट्या गणितातून स्पष्ट होते, आणि ते गणित एकदा नीट समजून घेतलेले बरे, कारण या क्षेत्रातील बहुतेक शोधनिबंधांत त्याचाच कुठला तरी अवतार भेटतो. समजा, पहिल्या डोंगरावर एका जागेचे 'क' रूप ९० टक्के आहे आणि 'ख' रूप १० टक्के. त्या डोंगरावरच्या दोन प्रती डोळे मिटून उचलल्या, तर त्या वेगवेगळ्या निघण्याची शक्यता दोन गुणिले ०.९ गुणिले ०.१, म्हणजे ०.१८ येते. दुसऱ्या डोंगरावर प्रमाण नेमके उलटे असेल, तर तिथेही शक्यता ०.१८ च राहते. आता दोन्ही डोंगरांची रोपे एकत्र धरली, तर दोन्ही रूपे निम्मी-निम्मी होतात आणि ही शक्यता ०.५ वर जाते. एकूण ०.५ विविधतेपैकी ०.१८ एवढी प्रत्येक डोंगराच्या आत आहे आणि उरलेली ०.३२ दोन डोंगरांमधल्या फरकात आहे. एकूण विविधतेशी या फरकाचे गुणोत्तर ०.६४ भरते. या आकड्याला एफएसटी म्हणतात. शून्य आला तर दोन्ही वसाहती जनुकीय दृष्ट्या एकच समजाव्यात. एक आला तर त्या जागेपुरत्या तरी पूर्ण वेगळ्या.

प्रत्यक्षात हे एका जागेवर न थांबता शेकडो किंवा लाखो जागांवर केले जाते. संशोधक डोंगरावर जाऊन प्रत्येक रोपाचे एखादे पान खुडतात, ते सिलिका जेलच्या दाण्यांत घालून चटकन वाळवतात आणि प्रयोगशाळेत त्यातून डीएनए वेगळा करतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून डीएनएचे विशिष्ट तुकडे पाडून त्यांच्या लांबीवरून रोपांची तुलना करण्याची एएफएलपी ही पद्धत रूढ झाली. तिच्यासाठी त्या वनस्पतीच्या जनुकांची आगाऊ माहिती लागत नसल्यामुळे रानवनस्पतींच्या अभ्यासात तिचा फार उपयोग झाला, आणि आज संपूर्ण डीएनए वाचणे आवाक्यात आले असले तरी या लेखातील बरीचशी माहिती त्याच पद्धतीच्या बळावर मिळालेली आहे. याशिवाय हरितलवकांमध्ये स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि या कुळात तो साधारणपणे फक्त मातेकडून, म्हणजे बीमधून, पुढे जातो. परागकण वाऱ्याने किंवा कीटकांमार्फत कुठेही गेले, तरी हरितलवकाचा डीएनए बी जिथे पडले तिथलीच कथा सांगतो. त्यामुळे ही जात जुन्या काळी कोणत्या वाटांनी पसरली, हे शोधायला तो विशेष उपयोगी पडतो.

वसाहती वेगळ्या होण्यामागे चार कारणे असतात. डीएनएची नक्कल होताना क्वचित चूक होते आणि नवे रूप जन्माला येते. याला उत्परिवर्तन म्हणतात आणि मुळात सगळी विविधता इथूनच येते. एका वसाहतीतील परागकण किंवा बी दुसरीकडे पोहोचले, तर दोन्हींतला फरक कमी होतो. एखादे रूप तिथल्या हवामानात जगायला अधिक उपयोगी असेल, तर नैसर्गिक निवडीमुळे त्याचे प्रमाण वाढते. चौथे कारण निव्वळ योगायोगाचे आहे आणि डोंगरी वनस्पतींच्या बाबतीत ते सर्वांत दुर्लक्षित, पण बहुधा सर्वांत प्रभावी आहे. दूरच्या एखाद्या लहानशा वाडीत चारच आडनावांची घरे असली आणि त्यातल्या एका घरात दोन पिढ्या मुलगाच झाला नाही, तर ते आडनाव वाडीतून नाहीसे होते. त्या घराण्यात काही दोष होता म्हणून नव्हे, तर संख्याच थोडी होती म्हणून. जनुकांच्या रूपांचेही असेच होते, आणि त्याला जनुकीय अपवहन म्हणतात.

अपवहनाचा वेग वसाहतीच्या आकारावर ठरतो. दहाच रोपे असतील, तर डीएनएच्या वीस प्रती असतात आणि प्रत्येक पिढीत सरासरी विसाव्या भागाइतकी, म्हणजे पाच टक्के विविधता कमी होते. या दराने चौदा पिढ्यांत ती निम्म्याखाली येते. हजार रोपे असतील, तर हीच घट पिढीला ०.०५ टक्के इतकी किरकोळ असते. दुसऱ्या बाजूने, बाहेरून येणारे अगदी थोडे बीसुद्धा अपवहनाला बराच आवर घालते. अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ सिवॉल राइट यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले, की पिढीमागे सरासरी एक पाहुणे रोप जरी वसाहतीत येऊन रुजले, तरी एफएसटी साधारण ०.२ च्या आसपास रोखला जातो. अर्थात हे आदर्श परिस्थितीतले गणित आहे. पाचशे मीटरचा कडा, त्यापलीकडे हिमनदी आणि त्यापलीकडे दुसरा कडा अशी भूरचना असेल, तर पिढीमागे एक पाहुणा ही अपेक्षाही भाबडी ठरते.

आता अ‍ॅरॅबिस अल्पिनाच्या इतिहासाकडे वळू. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतील रोपांच्या हरितलवकांचा आणि केंद्रकातील डीएनएचा एकत्र विचार करण्यात आला. उत्परिवर्तने साचण्याच्या वेगावरून त्यात असा निष्कर्ष निघाला की या जातीचा उगम आशिया मायनरमध्ये, म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या भागात, वीस लाख वर्षांपेक्षा कमी काळापूर्वी झाला आणि तिथून ती तीनदा बाहेर पडली. एक शाखा अरबी द्वीपकल्पामार्गे पूर्व आफ्रिकेच्या उंच डोंगरांवर गेली. दुसऱ्या शाखेपासून युरोपातील आणि उत्तरेकडील सर्व वसाहती निर्माण झाल्या. तिसरी शाखा आशिया मायनरमध्ये टिकून राहिलीच, शिवाय तिचेच काही वंशज पुन्हा अरबस्तान ओलांडून आफ्रिकेत पोहोचले आणि इथिओपियात आधीच्या शाखेला जाऊन भेटले. म्हणूनच इथिओपियाच्या डोंगरांत या वनस्पतीच्या दोन फार जुन्या, वेगळ्या घराण्यांचा वारसा एकत्र सापडतो. थंड प्रदेशातील एका फुलाच्या वंशावळीतले हे कोडे उष्ण कटिबंधात सुटावे, याची मला तरी गंमत वाटते.

त्याच सुमारास, २००७ मध्ये, आर्क्टिक प्रदेश, आल्प्स आणि पूर्व आफ्रिका या तीन भागांतील वसाहतींची एएफएलपी पद्धतीने थेट तुलना झाली, आणि सुरुवातीला सांगितलेला विरोधाभास त्यातून आकड्यांनिशी पुढे आला. उत्तर अटलांटिकच्या प्रचंड विस्तारात विविधता जवळजवळ नव्हतीच. आल्प्समध्ये ती होती आणि भागाभागानुसार वेगळी होती. पूर्व आफ्रिकेत मात्र निरनिराळ्या डोंगरांवरच्या वसाहती एकमेकींपासून सर्वाधिक दुरावलेल्या निघाल्या.

यामागचे कारण हिमयुगांत आहे. शेवटच्या हिमयुगाचा कडाका सुमारे २१,००० वर्षांपूर्वी टोकाला पोहोचला होता आणि त्या वेळी स्कँडिनेव्हिया जाड बर्फाच्या थराखाली गाडले गेले होते. बर्फ मागे हटू लागले, तशी मोकळी झालेली जमीन काबीज करायला दक्षिणेकडून किंवा बर्फाच्या कडेला तग धरून राहिलेल्या एखाद्या लहान ठिकाणाहून बिया पुढे सरकल्या. अशा आगेकुचीत प्रत्येक नवी वसाहत मूठभर बियांपासून सुरू होते. मूळ वसाहतीत एखादे रूप पाच टक्के प्रमाणात असेल आणि नव्या जागी पाचच बिया पोहोचल्या, तर त्या पाच बियांतील दहा प्रतींमध्ये ते रूप अजिबात नसण्याची शक्यता जवळजवळ साठ टक्के असते. पुढच्या टप्प्यावर याच वसाहतीतून पुन्हा पाच बिया पुढे जातात आणि गळतीवर गळती होत राहते. शेवटच्या टोकाला पोहोचेपर्यंत ज्या रूपांना नशिबाने साथ दिली, तेवढीच उरतात. ग्रीनलंडपासून नॉर्वेपर्यंत लाखो रोपे असतील, पण ती थोड्याशा पूर्वजांची प्रजा आहेत आणि उत्परिवर्तनांनी नवी विविधता साचवायला काही हजार वर्षे पुरत नाहीत.

आफ्रिकेत याच्या नेमके उलट घडले. तिथे हिमयुगाने डोंगरमाथ्याची थंड पट्टी नष्ट केली नाही. ती काहीशी खाली उतरली आणि रुंदावली, आणि उष्ण काळात पुन्हा वर सरकली. त्यामुळे इथिओपियातील सिमियन आणि बाले, किंवा दक्षिणेकडील किलिमांजारो यांसारख्या डोंगरांवर ही वनस्पती दीर्घकाळ सलग टिकू शकली, पण मधल्या सखल, उष्ण प्रदेशामुळे एका डोंगराचे बी दुसऱ्यावर पोहोचणे कायमच दुर्मीळ राहिले. टिकून राहणे आणि एकटे राहणे या दोन्ही गोष्टी लाखभर वर्षांच्या मापात एकत्र घडल्या, की प्रत्येक डोंगर आपापले वेगळे भांडार जपतो. वनस्पतिशास्त्रज्ञ अशा माथ्यांना आकाशातील बेटे म्हणतात.

आल्प्स या दोन टोकांच्या मध्ये येतो. हिमयुगात त्याचा बराचसा भाग बर्फाखाली होता, पण नैऋत्येकडील सागरी आल्प्स, दक्षिणेकडील चुनखडीचे डोंगर आणि पूर्वेची कड या परिघावरच्या जागा मोकळ्या होत्या. तिथे वेगवेगळ्या कोपऱ्यांत अडकलेल्या वसाहती हजारो वर्षे एकमेकींपासून तुटलेल्या राहिल्या आणि बर्फ ओसरल्यावर आत सरकत भेटल्या. युरोपातील अनेक संस्थांनी मिळून राबवलेल्या इंट्राबायोडिव्ह या प्रकल्पात आल्प्सचे चौकटींमध्ये विभाजन करून उंचावरच्या २७ वनस्पतींचे नमुने गोळा केले गेले, तेव्हा असे दिसले की निरनिराळ्या जातींमधील जनुकीय सीमारेषा पुष्कळदा त्याच दऱ्यांपाशी येतात. खडकाचाही वाटा असतो: चुनखडीवर वाढणाऱ्या आणि ग्रॅनाइटसारख्या सिलिकायुक्त खडकांवर वाढणाऱ्या वनस्पतींच्या विविधतेची मांडणी वेगवेगळी असते, कारण हिमयुगात त्यांना आश्रय देणाऱ्या जागाच वेगळ्या होत्या. याच प्रकल्पातून २०१२ मध्ये आलेला एक निष्कर्ष संरक्षित क्षेत्रे ठरवणाऱ्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. ज्या भागात वनस्पतींच्या जाती सर्वाधिक असतात, त्याच भागात त्या जातींच्या आतील जनुकीय विविधताही सर्वाधिक असते, असे आढळले नाही. जातींची गणना करून जागा निवडली, की जनुकांचे आपोआप भले होते, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

इतका वेळ आपण वसाहतींचा भूगोल पाहिला. पण एकाच वसाहतीत विविधता किती शिल्लक राहील, हे फूल कोणाच्या परागाने फळते यावरही अवलंबून असते, आणि या बाबतीत अ‍ॅरॅबिस अल्पिना एकाच जातीत दोन्ही टोके दाखवते. इटली आणि ग्रीसमधील वसाहतींत रोपाला स्वतःचा पराग ओळखता येतो. स्त्रीकेसराच्या टोकाशी परागकण पडला, की तिथली विशिष्ट प्रथिने त्याच्यावरील खूण तपासतात आणि खूण स्वतःचीच निघाली तर त्याला रुजू देत नाहीत. अशा रोपाला बी धरायचे तर दुसऱ्या रोपाचा पराग आणि तो आणून देणारा कीटक हवाच. स्पेन आणि फ्रान्समध्ये मिश्र पद्धत दिसते, तर स्कँडिनेव्हियातील रोपे बहुतांशी स्वतःच्याच परागावर बी धरतात. जिथे उन्हाळा अल्पजीवी आणि कीटकांचा भरवसा नाही, तिथे हे सोयीचे आहे. शिवाय एकटे बी दूर जाऊन पडले, तरी त्यातून वसाहत उभी राहू शकते.

त्याची किंमतही असते. स्वपरागीभवनाच्या प्रत्येक पिढीत रोपाच्या दोन प्रतींमधला फरक निम्म्याने घटतो: १०० वरून ५०, ५० वरून २५, तिथून साडेबारा. दहा पिढ्यांनी दोन्ही प्रती व्यवहारतः एकच होतात. यात लपलेले घातक दोष उघडे पडून निवडीत बाद होतात, ही एक जमेची बाजू म्हणता येईल, पण किरकोळ हानिकारक दोषांच्या बाबतीत हे गणित उलटते. स्टॉकहोम येथील संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ साली झालेल्या अभ्यासात दक्षिणेकडील, मधल्या आणि उत्तरेकडील वसाहतींचे संपूर्ण डीएनए तपासले गेले. संख्या आकुंचन पावण्याचा इतिहास आणि स्वपरागीभवन या दोन्हींचा भार वाहणाऱ्या स्कँडिनेव्हियन वसाहतींत निवडीची चाळणी सैल झाल्याचे आणि हानिकारक बदल अधिक साचल्याचे त्यात दिसले. मिश्र पद्धतीच्या वसाहतींत मात्र तसे आढळले नाही, आणि म्हणून केवळ स्वपरागीभवनाला दोषी धरणे योग्य होणार नाही.

इथपर्यंत सांगितलेले बहुतेक फरक योगायोग आणि स्थलांतर यांतून आलेले आहेत. रोपाच्या जगण्याशी त्यांचा संबंध असेलच असे नाही. एफएसटी मोठा आला म्हणून त्या वसाहती आपापल्या हवामानाशी जुळवून घेतलेल्या आहेत, असे म्हणणे ही या विषयावरच्या लोकप्रिय लेखनातली नेहमीची गफलत आहे. जुळवून घेणे सिद्ध करायचे, तर एखादे जनुक काय काम करते ते शोधावे लागते किंवा रोपे प्रत्यक्ष लावून पाहावी लागतात. या वनस्पतीच्या बाबतीत दोन्ही झाले आहे.

जनुकाचे उदाहरण पेप-१ या नावाने प्रसिद्ध आहे. जर्मनीतील कोलोन येथील माक्स प्लांक संस्थेत जॉर्ज कूपलंड यांच्या गटाने २००९ मध्ये त्याचे काम उलगडले. हे जनुक फुलोऱ्याला आवर घालते. रोपाला दीर्घकाळ थंडी मिळाली, की त्याचा आवाज बंद होतो आणि कळ्या धरू लागतात. स्पेनमधील पाहारेस वाणाला प्रयोगशाळेत त्यासाठी सुमारे बारा आठवड्यांची थंडी द्यावी लागते. वर्षभरात मरून जाणाऱ्या तिच्या नातेवाईक वनस्पतीत, अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये, याच जनुकाचे भावंड एकदा बंद झाले की त्या रोपाच्या आयुष्यात बंदच राहते. अ‍ॅरॅबिस अल्पिनामध्ये मात्र ऊब परतताच पेप-१ पुन्हा जागे होते. ज्या फांद्यांनी तोवर फुलाचा निर्णय घेतला, त्या फुलतात. बाकीच्या पानेच काढत राहतात आणि पुढच्या वर्षासाठी रोप जिवंत ठेवतात. एक जनुक पुन्हा चालू होते की नाही, या एवढ्याशा फरकावर बहुवर्षायू जीवनक्रमाचा मोठा भाग अवलंबून असावा, हे त्या शोधाचे महत्त्व होते. मोहरीच्या कुळात थंडी आणि फुलोरा यांचे हे नाते सर्वत्र आहे. थंड हवामानातील कोबीच्या वाणांना दांडा फुटून बी धरण्यासाठी थंडी लागते, आणि म्हणूनच आपल्याकडे पठारावर कोबीचे गड्डे भरघोस येत असले, तरी अशा वाणांचे बी हिमाचल प्रदेशातील कुलूसारख्या खोऱ्यांत तयार करावे लागते.

२०१२ मध्ये पुढे असे आढळले की काही ठिकाणच्या रानटी अ‍ॅरॅबिस अल्पिनामध्ये पेप-१ बिघडलेले आहे आणि ती रोपे थंडीची वाट न पाहता फुलतात, शिवाय फुलतच राहतात. बिघाड सर्वत्र एकच नाही. निरनिराळ्या ठिकाणच्या रोपांत जनुक वेगवेगळ्या जागी तुटलेले आहे, म्हणजे हा गुण एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उपजला आहे. एकाच जातीतील वसाहतींमध्ये दिसणाऱ्या गुणाच्या मुळाशी कोणते जनुक आहे, हे इतक्या नेमकेपणाने सांगता येण्याची उदाहरणे रानवनस्पतींमध्ये फार नाहीत.

रोपे लावून पाहण्याचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. स्पेनमधील आणि स्कँडिनेव्हियातील वसाहतींची रोपे दोन्ही प्रदेशांतील डोंगरांवर शेजारी-शेजारी वाढवून त्यांतली किती जगली आणि किती फळली, याची नोंद ठेवण्यात आली. साधारणपणे स्पेनमध्ये स्पॅनिश रोपे सरस ठरली आणि उत्तरेत उत्तरेकडची. हे वाचताना मागे सांगितलेली एक गोष्ट आठवावी. स्कँडिनेव्हियातील रोपे जनुकीय विविधतेत दरिद्री आहेत आणि हानिकारक बदलांचे ओझेही वाहत आहेत, तरीही स्वतःच्या भूमीत ती विविधतेने अधिक संपन्न असलेल्या दक्षिणेकडच्या रोपांना मागे टाकतात. विविधता अधिक म्हणजे वसाहत अधिक सुदृढ, हे समीकरण म्हणूनच मला घाईचे वाटते. आजच्या परिस्थितीत जगण्यासाठी नेमकी योग्य रूपे असणे पुरेसे असते. विविधतेची गरज भासते ती परिस्थिती बदलू लागल्यावर.

परिस्थितीशी निगडित रूपे कोणती, हे जनुकांच्या गर्दीतून शोधण्याचा एक मार्ग म्हणजे रूपांचे प्रमाण आणि हवामान यांची सांगड घालून पाहणे. २०१० च्या एका अभ्यासात आल्प्समधील दोन स्वतंत्र भागांतून गोळा केलेल्या अ‍ॅरॅबिस अल्पिनाच्या नमुन्यांत शेकडो खुणा तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी काहींचा किमान तापमानाशी संबंध दिसला. दोन वेगळे भाग घेण्यामागे कारण होते. एकाच भागात तापमान आणि वसाहतींचा जुना इतिहास हातात हात घालून बदलत असतात, त्यामुळे केवळ योगायोगाने पसरलेले रूपही थंडीला जुळवून घेतलेले भासते. तोच संबंध दुसऱ्या भागातही दिसला, तर संशय बराच कमी होतो, पूर्ण मिटत नाही.

हवामान तर बदलतेच आहे. आल्प्समधील १५० वनस्पतींच्या प्रसाराचे २०१२ मध्ये केलेले एक प्रारूप सांगते की एकविसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत या वनस्पतींचे क्षेत्र सरासरी ४४ ते ५० टक्क्यांनी आकसेल, आणि दीर्घायुषी रोपे प्रतिकूल जागीही काही काळ तग धरत असल्यामुळे ही घट लगेच नजरेस येणार नाही. अशा वेळी दक्षिणेकडील किंवा खालच्या उंचीवरील वसाहतींचे बी वर नेऊन पेरावे, म्हणजे उष्णतेला सरावलेली रूपे वरच्या वसाहतींना मिळतील, असा प्रस्ताव जगभर चर्चेत आहे. अ‍ॅरॅबिस अल्पिनाची माहिती समोर ठेवली, तर त्यात निदान दोन अडचणी स्पष्ट दिसतात. ज्यांचा फुलोरा वेगळ्या लांबीच्या थंडीवर बेतलेला आहे, अशा दोन वसाहतींची संतती कोणत्याच जागेला न शोभणाऱ्या वेळी फुलू शकते. शिवाय स्वतःच्या परागावर बी धरणाऱ्या वसाहतीत बाहेरच्या रूपांचा मिलाफ फार सावकाश होतो, त्यामुळे नेलेले बी तिथल्या रोपांत न मिसळता शेजारी वेगळेच वाढत राहण्याचाही संभव असतो. आफ्रिकेत हा प्रस्ताव लागू करायला वावच कमी आहे, कारण किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर असली तरी इथिओपियातील बरेच डोंगर त्यापेक्षा हजार मीटरहून अधिक ठेंगणे आहेत आणि थंड पट्टी वर सरकत गेली की ती एका मर्यादेनंतर संपते. तिथले बी बँकेत जपून ठेवायचे असेल, तर एका डोंगरावरून भरपूर गोळा करून भागणार नाही. प्रत्येक माथ्यावर स्वतंत्रपणे जावे लागेल आणि प्रत्येकाची पिशवी वेगळी ठेवावी लागेल.